नावानिशी केलेली तक्रार

सांडोर, वसई
४ डिसेंबर २०२५, गुरुवार, दुपार

चि. हेमांगीस,

अनेक आशीर्वाद. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीमुळे धरतो, पण जिना चढणं तिने सोडलेलं नाही. माझी अर्नाळ्याची कामं नेहमीसारखी चालू आहेत. बोटीवाले जीपीएसचं यंत्र आधी पाण्यात बुचकळतात आणि मग मला विचारतात, हे बंद का पडलं.

पुड्यातली सुकेळी आईने आणि मी मिळून केलीत. वसईतल्या होळी नावाच्या बाजारात राजेळी केळी धड मिळेनात, तेव्हा आपल्याच विहिरीमागच्या घडावर भागवलं. केळी साल काढून मांडवावर घातली, रोज उलटली, सांज झाली की झाकली. आईचं म्हणणं, मी ती फार घट्ट गुंडाळली, जराशी हवा लागायला हवी होती. मी म्हटलं, समुद्रावर ओल असते, घट्टच बरी. खरं कारण वेगळं आहे. सुक्या पानांच्या दुसऱ्या थराखाली हे पत्र आहे आणि ते हलायला नको. आईची चिठ्ठी मात्र वरच ठेवली आहे. तुझ्याआधी कुणी पुडा उघडलाच, तर तीच हाताला लागू दे. तिने काही विशेष लिहिलेलं नाही. केस तेल लावून बांधत जा, एवढंच.

पुडा देणारा फर्डिनंड आपल्याच आळीतला, फ्लॉसीचा नवरा. सणाला बॅण्डमध्ये ट्रम्पेट वाजवायचा तो. तू लहान असताना त्याच्या मागे मागे फिरायचीस. तो आता एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत ऑइलमन आहे. तू निरीक्षक म्हणून आहेस त्या कंपनीच्या मासेमारी जहाजांना भर समुद्रात डिझेल आणि शिधा द्यायचा आणि त्यांचे मासे उचलून आणायचे, हे त्यांचं काम. रजा संपवून तो परवा निघतोय. तुमची गाठ नाताळच्या सुमारास पडेल, असा त्याचा अंदाज आहे.

ई-मेलवर का लिहिलं नाही, हे तुला सांगायला नको. तिथे येणारं-जाणारं सगळं कप्तानाच्या खोलीतून जातं.

तुझ्या रविवारच्या निरोपांबद्दल लिहायचं आहे. पूर्वी तू पानभर लिहायचीस. किती लांबीचा ट्यूना आला, गळाला अडकलेला पक्षी तू कसा सोडवलास, स्वयंपाक करणारा भंडारी भातात साखर कशी घालतो. मी ते आईला वाचून दाखवायचो आणि ती मध्येच म्हणायची, थांबा, ते पक्ष्याचं पुन्हा वाचा. दसऱ्यापासून ते बंद झालं. आता एकच ओळ येते, इंग्रजीतून. मी बरी आहे पपा, काळजी नसावी, काम चांगलं चाललं आहे. दर रविवारी तीच ओळ, त्याच क्रमाने.

हेमांगी, तू मला जन्मात कधी पपा म्हटलेलं नाहीस. आपल्या घरात बापाला दादा म्हणतात.

आईला वाचून दाखवताना मी 'पपा'च्या जागी 'दादा' वाचतो. ती म्हणते, एवढंच लिहिलंय? मी म्हणतो, कामात असेल. ती चष्मा मागत नाही. मागितला तर काय करायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुला पाठवणाऱ्या कार्यालयात फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, निरोप वेळेवर येतात ना? मी म्हटलं, येतात, पण माझी मुलगी मला पपा म्हणत नाही. ती हसली. म्हणाली, "अंकल, शिपवर सगळे इंग्लिशच बोलतात." मी आभार मानून फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो.

गणपती विसर्जनानंतर तुझं जहाज इंटरनेटवरच्या जहाजांच्या नकाशावरून नाहीसं झालं. जाताना तू बजावलं होतंस, दादा, तो नकाशा बघत बसू नका, वेड लागेल. मी ऐकलं नाही. रोज दोन्ही वेळा उघडून बघायचो. जहाजाची खूण पाठवणाऱ्या यंत्राची जात मला ठाऊक आहे. माझी शाळा दहावीला सुटली, पण असली यंत्रं मी कुणाला न विचारता उघडली आणि जोडली आहेत. बिघडायला लागलं की ते आधी अडखळतं, खूण उड्या मारते, मग जाते. ही तशी गेली नाही. दिवा मालवल्यासारखी गेली. परत उगवली ती मासेमारीला बंद ठेवलेल्या पट्ट्याच्या पलीकडच्या अंगाला. मधलं अंतर आणि लागलेला वेळ ताडून पाहिला. सरळ गेलं असतं तर जहाज फार आधी तिथे पोचलं असतं. म्हणजे ते आत रेंगाळलं होतं. गळांचा दोर टाकून मासे धरत बसलं होतं.

माझं बरोबर होतं, हे तुला माहीत असणारच. तू तिथेच होतीस.

तू ओट्यावर बसून मला समजावलं होतंस ते आठवतं. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या पुढे कुणा एका देशाची हद्द नाही, म्हणून कित्येक देशांनी एकत्र बसून ठरवलं की तिथले मासे सगळ्यांनी मिळून राखायचे. कुठे धरायचे, कुठे नाही, किती धरायचे, हे बघायला जहाजावर निरीक्षक बसवायचा. मी म्हटलं, हे तर अर्नाळ्यासारखंच झालं. पावसाळ्यात बोट काढायची नाही, दुसऱ्याच्या जाळ्याच्या जागेत खुंट ठोकायचा नाही, कुणी मोडलं तर बैठक. तू म्हणालीस, साधारण तसंच, दादा. त्या 'साधारण'कडे मी लक्ष दिलं नाही.

त्या बैठकांना मी जीपीएसचा जाणकार म्हणून पुष्कळदा गेलो आहे. तिथे तक्रार करणाऱ्याने उभं राहायचं, आपलं नाव, बापाचं नाव आणि घर सांगायचं, मगच तोंड उघडायचं. मागून कुणी नुसता पुटपुटला तर म्हातारे ऐकवतात, "वाऱ्याची तक्रार आमी ऐकत नाय." मला ती रीत फार मर्दानी वाटायची.

तुमच्या त्या सगळ्या देशांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रारीची जागा आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी मजकूर लिहिला, नकाशाची चित्रं जोडली. खाली एक चौकोन होता, नाव गुप्त ठेवायचं आहे का? मी तो मोकळा सोडला. लिहिलं, विद्याधर जनार्दन राऊत, सांडोर, वसई. आणि त्याच्या खाली, कुणी विचारलेलं नसताना, लिहिलं की याच जहाजावर माझी मुलगी निरीक्षक आहे. कशासाठी? हा माणूस कोणत्या घरचा आहे, ते त्यांना कळावं म्हणून.

मला वाटलं, बैठक बसेल, कप्तानाला समोर उभं करतील. तसं तिथे होत नाही. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाकडे ते तक्रार पाठवतात. तो देश मालकाला विचारतो, मालक कप्तानाला. कागद एक एक पायरी खाली उतरत जातो, माझ्या नावासकट, आणि शेवटी ज्या जहाजावर पोचतो तिथेच तू झोपतेस.

तुझे निरोप त्यानंतर बदलले.

मी तक्रार मागे घेऊन पाहिली. लिहिलं की माझा संगणक जुना आहे, मी शिकलेला माणूस नाही, माझी वाचण्यात चूक झाली. असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आणि ते खोटं होतं. उत्तर फार सभ्य आलं. आपली माहिती तपासून पाहिली, ती अचूक आहे, पुढील कार्यवाहीसाठी ती यापूर्वीच संबंधित देशाकडे दिली आहे, आपल्या दक्षतेबद्दल आभार. दुसऱ्या कोणत्याही कामात मला कुणी अचूक म्हटलं असतं तर मी तो कागद चौकटीत लावला असता.

त्यानंतर मी नको ते शोधून वाचलं. एका जहाजावर निरीक्षक सकाळी सापडला नाही. त्याच्या चपला डेकवर जोडीने ठेवलेल्या होत्या. चौकशीत लिहिलं, तोल जाऊन पडला. तोल जाणारा माणूस चपला जोडीने काढून ठेवतो का? आईला हे सांगितलेलं नाही. पण आपल्या दारातल्या चपला मी हल्ली इकडेतिकडे करून ठेवतो आणि ती मला विचारते, तुम्हाला झालंय तरी काय.

काल फर्डिनंडच्या घरी जाऊन त्याला सगळं सांगितलं. आधी तो हसला. "विद्याधरभाऊ, आळीतल्या गटाराच्या तक्रारी पुरल्या नाय काय, समुद्रावर गेलात?" मी त्याला ते निरोप दाखवले, आधीचे आणि नंतरचे. फ्लॉसी चहा घेऊन आली होती. ती खांद्यावरून वाचायला लागली आणि कप तिच्या हातातच राहिला. फर्डिनंडने फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाला, "हे पोरीने लिवलेलं नाय."

मी बजावलं, पुडा फक्त तिच्याच हातात द्यायचा. तिच्या जहाजाचा कप्तान म्हणाला, द्या इकडे, मी पोचवतो, तरी नाही. परत आणायचा.

त्याने विचारलं, "परत आणला तर तुमाला काय सांगू?"

फ्लॉसीनेच त्याला गप्प केलं.

म्हणून जे ठरवलं आहे ते नीट वाच. दोन्ही जहाजं बाजूला लागली की आजारी माणसाला क्रेनच्या टोपलीत बसवून इकडून तिकडे घेतात. फर्डिनंडने हे अनेकदा पाहिलं आहे. तू दाढ दुखते म्हण. ताप म्हणू नकोस, ताप म्हटला की खोलीत कोंडतात. मासे उचलायला दीड-दोन दिवस जहाजं शेजारी असतात, तेव्हा हे वाचल्यापासूनच गालाला हात लावून फीर, जेवू नकोस. दाढेवर जहाजात इलाज नसतो आणि विव्हळणारं माणूस कुणालाच जवळ नको असतं. बाकीचं फर्डिनंड आपल्या कप्तानाशी बोलून ठेवणार आहे. तो भला माणूस आहे म्हणतात. मला आता कुणाला तरी भला म्हणावंच लागेल.

कुणी तक्रारीचं काढलं तर सांग, बाप विक्षिप्त आहे, गावभर भांडतो, माझं त्याच्याशी पटत नाही. वाटेल ते सांग. हसतील तर तूही हस.

तुझी मासे मोजायची फळी, नोंदी, फोटो, सगळं आहे तिथेच राहू दे. कपड्यांची पिशवी घेतलीस तर ते झडती घेतील, म्हणून तीही नको. तुला मिलिमीटर वाचायला मी शिकवलं, एका रेघेच्या चुकीवरून तुला पुन्हा पुन्हा मोजायला लावलं, तोच मी सांगतोय. तू काय पाहिलंस ते मी विचारणार नाही. पुढे कधी तुला बोलायचं असलं तर बोल, पण जमिनीवर उभी राहून. त्या पाण्याची राखण करायला कित्येक देश आहेत. तुझी राखण करायला त्या पाण्यात कुणी नाही.

पत्र वाचून झालं की पाण्यात टाक. फर्डिनंडला लिहून काही देऊ नकोस.

हे वाचते आहेस म्हणजे तू आहेस. आहेस ना, तर मग टोपलीत बस. मागे बघू नकोस. दोन्ही हातांनी दोर धर.

रिकाम्या हातांनी ये.

तुझा,
दादा