दहा मिनिटं आणि मिक्सर

गौरांग,

तू ध्यानाला बसायच्या आत मी खाली बागेत जाते आहे. काल तुझी ती दहा मिनिटं चालू असताना मी मिक्सर लावला, चुकलंच माझं. मला वाटलं नुसता बसला आहेस, तोवर चटणी होईल. नंतर तू म्हणालास, डॉक्टरांनी करायला सांगितलंय. का, ते विचारायचं सोडून मी मिक्सर धुवायला गेले.

दुपारी तू सांगितलंस तसं करून पाहिलं. डिशवॉशर न लावता भांडी हाताने घासली आणि सगळं लक्ष भांड्यांवरच ठेवलं. तिसऱ्या ताटलीपाशी हात थांबला. हॅनोव्हरला येऊन मला तीन आठवडे झाले. तू काय खाणार हे मी रोज विचारलं. कसा आहेस, हे एकदाही नाही.

पोहे झाकून ठेवलेत. इथलं दार ओढलं की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, हे मी पहिल्याच दिवशी जिन्यात बसून शिकले आहे. तरी आज किल्ली मुद्दाम घरात ठेवून जाते. अर्ध्या तासाने बेल वाजवीन. दार उघडलंस की आधी तेच विचारणार आहे. ‘ठीक आहे’ म्हणू नकोस.

आई