साहेबाचा डबा

८ नोव्हेंबर १९७६, सोमवार
मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत न्हाई, आन् शालूला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई. म्हणून माझ्या लेकाच्या नावाजागी नुसतं 'व.' टाकून राह्यली. टाक बाई.

व. औरंगाबादेहून ट्रेनिंग करून आला. शाळा तपासणारा साहेब झाला चैतात, आन् साहेबपण शिकायला धाडलं आत्ता. आधी गाडीवर बसवलं, मंग कासरा कसा धरायचा ते सांगितलं.

आल्या आल्या आम्हाला चुलीपुढं गोल बसवलं. पुढं चालणाऱ्यानं हुकूम सोडायचा न्हाई, समोरच्याची अडचण विचारायची, म्हणे. "माय, तुझी अडचण काय?"
म्हटलं, "चुलीपुढून ऊठ. सरपण सारायला जागा न्हाई."

१० नोव्हेंबर, बुधवार
नवा कायदा. तपासणीला गेल्यावर गावात घोटभर चहा सुदिक घ्यायचा न्हाई. पहिले साहेब कोंबडी खायचे आन् शेरा चांगला लिहायचे. ज्याचं खाल्लं त्याला बोलता येत न्हाई, हे व.चं म्हणणं. बात बराबर हाय.

पर डबा कोण करतं? पहिली बस अंधारात निघते. त्याच्याआधी पीठ, चूल, धूर. इमान साहेबाचं, मनगट शालूचं. (हे तिनं लिहिताना मान खाली घातली. हसून राह्यली असंल.)

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
व. आज गयाच्या गावी गेल्ता. गया माझी धाकटी बहीण. तिथली शाळा मारुतीच्या देवळात भरते. आपण दीक्षा घेऊन वीस वर्षं झाली, तरी आपल्या वस्तीतली पोरं अजून पायरीवरच. मास्तर आतून शिकवतो. ऊन चढलं की पोरं सावलीसंगं सरकत जातात.

पंचायतीनं शाळेसाठी पत्र्याची खोली बांधली हाय. तिच्यात सरपंचाचा कापूस. व. म्हणाला, खोली मोकळी करा, सगळी पोरं एका जागी बसवू. सरपंच म्हणाला, "आधी घरी जेवायला चला साहेब, मंग बोलू."
ह्यानं डबा दाखवला.
सरपंच म्हणाला, "बरं. मंग कापूस विकल्यावर बघू."

१४ नोव्हेंबर, रविवार
गया आली. पाणी दिलं, घेतलं न्हाई. "तुझ्या पोरानं माझ्या घरचं घेतलं न्हाई. मी तुझ्या घरचं का घेऊ?"

तिनं परवा अंड्याचं कालवण केल्तं. सारी वस्ती दारात उभी. आपला माणूस पहिल्यांदा साहेब होऊन आल्ता. आन् साहेब लिंबाखाली बसले, शालूची भाकर खाल्ली, हात धुऊन निघून आले.

व. समजावून राह्यला, "मावशी, नियम सगळ्यांला सारखा."
गया म्हणाली, "सारखा कसा? सरपंचाच्या घरचं टाळलं तर तो नियम. आमच्या घरचं टाळलं तर ती जुनीच गोष्ट."

मी मधी पडले न्हाई. गयाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तो मात्र रागाच्या भरात खाऊन टाकला.

१६ नोव्हेंबर, मंगळवार
व. दोन दिवस नुसता अंगणात येरझारा घालून राह्यला. काल शालूनंच विचारलं, "तुमची अडचण काय?" मला हसू आलं. त्याला न्हाई.

अडचण अशी. सरपंचाकडं जेवला तर खोली मिळंल, पर वस्ती म्हणंल, फुटला. गयाकडं जेवला तर सरपंच म्हणंल, जातीवर गेला. कुठंच न्हाई जेवला तर पोरं पायरीवर.

म्हटलं, "येवढं औरंगाबादेला राह्यलास, ह्याच्यावर कुणी काही शिकवलं न्हाई?"
म्हणाला, "तिथं सगळे एकाच मेसमधी जेवायचे, माय. सवालच आला न्हाई."

घ्या. असलं ट्रेनिंग.

१८ नोव्हेंबर, गुरुवार
सरपंचाचं घर मला ठाऊक हाय. गयाच्या लग्नानंतर तिच्यासंगं तिथं खुरपायला गेल्ते. ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी असायची, आपल्यासाठी. चहा प्यायचा, आपणच धुवायची, पालथी घालायची.

व.ला ती देणार न्हाईत. त्याला पितळी ताट, बसायला पाट, तूप. साहेबाचा सवालच न्हाई.

म्हटलं, "जेव तिथं. पर एकला जेवू नको. मावशीला संगं ने, एका पंगतीत बसव. तिच्यापुढं काय येतं ते बघ."
"आन् ती कपबशी निघाली तर?"
"तर तू बी उपाशी ऊठ."
"आन् खोली?"

ते ठाऊक असतं तर मलाच साहेब केलं असतं.

२० नोव्हेंबर, शनिवार
व.नं बसच्या कंडक्टरसंगं तोंडी निरोप धाडल्ता, सोमवारी जेवायला येतो, संगं मावशी हाय. सरपंचाचं उत्तर आलं, "या." येवढंच.

शालू म्हणते, 'या' म्हणजे चांगलं. मी म्हणते, 'या' पाव्हण्याला बी म्हणतात आन् फौजदाराला बी.

गयाचा बी निरोप आला. "येते. पर आधी त्यानं माझ्या घरी चहा घ्यायचा, मंग सरपंचाच्या वाड्यावर जायचं." सरपंचाला हे कळलं तर? कळणारच. कंडक्टरच्या पोटात काही ऱ्हात न्हाई. सगळ्यांला अटी सुचतात, आन् मेलं डोकं माझं दुखतं.

२२ नोव्हेंबर, सोमवार
व. पहिल्या बसनं गेला. डबा नेला न्हाई. मी म्हटलं, शालू, आज तरी नीज. तर बाई अंधारातच उठून चुलीपुढं बसली, हात रिकामे. म्हणाली, सवय झाली आत्याबाई.

सकाळपासून डबा खुंटीला. दोघींनी चारदा तिकडं बघितलं. आता ऊन उतरलं.

शालू विचारून राह्यली, "भाकरी टाकू का? जेवून येतील का उपाशी?"
पीठ परातीत काढून ठेवलंय. पाणी घातलं न्हाई.

बस आली वाटतं. हो, तीच.
ठेव ते लिहिणं. आधी त्याचं तोंड बघू, मंग पिठात पाणी घाल.