पडद्यावरची पाठ

प्रिय अण्णा,

आधी खुशाली विचारायची रीत आहे, पण रागावू नकोस, सध्या मला कुणाची खुशाली विचारावीशीच वाटत नाही. शेळ्यांना पाला घालते, मुलांचे डबे भरते, अम्माला गुळाची कॉफी करून देते, आणि दिवेलागणीला आठवत नाही की दिवसभर काय केलं. अप्पांना जाऊन आता वर्ष होईल. दात काढल्यावर गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, तशी मी झालेय. माझे यजमान म्हणतात, "सोर्णम, एकदा पोटभर रडून घे." अहो, पण यायला तर पाहिजे ना रडू!

अप्पा चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या गेले. हातातला पेलासुद्धा सांडला नाही, असं टपरीवाला अजून येईल त्याला सांगतो. तुला तिरुप्पूरला निरोप धाडला होता. दुपार कलेपर्यंत सगळे वाट बघत थांबले, मग चुलत्यांच्या ओच्चप्पनने मडकं धरलं. बायका गळ्यात गळा घालून आक्रोश करत होत्या आणि अम्मा खांबाला टेकून त्यांच्याकडे परक्याच्या घरचं असावं तसं बघत होती. आत्याने तिला चिमटा काढला, "अगं रड की, लोक बघताहेत." तर अम्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांच्यासाठी मी एकदा रडलेय. अख्ख्या तमिळनाडूने बघितलंय. परत कशाला?" कुणीतरी मागून पुटपुटलं, की सिनेमात पोरगा असतो आणि खऱ्या वेळेला नसतो. तिकडे मान वळवून ती म्हणाली, "माझ्या पोराने मडकं कधीच धरलंय." तेव्हापासून तिच्या ताटात वाढलेलं निम्मं तसंच असतं.

शूटिंगचे ते दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असतील. मी तेव्हा परकरी वयाची, मला मुख्यतः फुकटची भजी आठवतात. गावच्या मोठ्या माणसाचा खून होतो, शहरात शिकलेला मुलगा परततो आणि शेवटी कोयता उचलतो, अशी ती गोष्ट. मोठ्या माणसाचं काम करणारा नट मद्रासला निघून गेला आणि तिरडीचं दृश्य तेवढं राहिलं. अप्पांची अंगलट तशीच, मिशाही तशाच, म्हणून अप्पांना फुलांच्या तिरडीवर निजवलं. नायकाला उन्हात अनवाणी चालायचं नव्हतं, म्हणून पाठमोऱ्या मुलाच्या जागी तुला उभं केलं, हातात धुराचं मडकं देऊन. अम्मा आक्रोश करणाऱ्या बायकांत. हलगी वाजली, तिरडी उचलली आणि अम्माला ते खोटं आहे याचा विसरच पडला. कर्णा घेतलेला शूटिंगवाला तुझ्यावर ओरडत होता, "ए पोरा, वळायचं नाही! काही झालं तरी वळून बघायचं नाही!" अम्मा तुझ्या नावाने हाका मारत होती आणि तू वळला नाहीस.

मेल्याचं काम केलेल्या माणसाला लगेच उठवून कॅमेऱ्यापुढे हसवतात, म्हणजे दोष राहत नाही. त्यांनी अप्पांना हसवलं, कोहळा फोडला, कापूर लावला. अम्माने नाक पुसत विचारलं, "आणि माझ्या पोराचं काय? जित्या बापाचं मडकं धरलंय त्यानं." कर्णेवाला म्हणाला, "अम्मा, त्याला काय झालंय? चांगला धडधाकट उभा आहे की!" सगळे हसले. तूही हसलास.

पुढे सिनेमा धो धो चालला आणि आपल्या घरात वेगळंच झालं. तिरडीवर निजला तो साधा कापूस पिकवणारा माणूस, आणि उठला तो गावचा पुढारी! मिशांना तूप काय, कडुनिंबाखाली बाज टाकून लोकांची भांडणं सोडवणं काय! लोकही वाकून बोलायला लागले. आणि मग त्या जत्रेत देवळातला पहिला मान खालच्या आळीने घेतला, तेव्हा अप्पांनी भर चौकात तुझ्या हातात कोयता दिला. तू तो देवळाच्या पायरीवर ठेवलास आणि म्हणालास, "अप्पा, नारळ कुणी का फोडेना, देव तोच आहे. यासाठी मी कुणाचा हात तोडणार नाही." त्यावर अप्पा जे बोलले ते साऱ्या गावाने ऐकलं, "माझं मडकं तू एकदा धरलंस. खऱ्या वेळेला यायची गरज नाही!" तू बाप सांगेल ते ऐकणारा. कोयत्याचं तेवढं ऐकलं नाहीस, आणि नेमकं हे ऐकून तिरुप्पूरला निघून गेलास.

मी तुला दोष देत नाही. द्यायलाही काही वाटावं लागतं. पण तुला माहीत नाही असं एक आहे, ते सांगते. दर पोंगलला टीव्हीवर तो सिनेमा लागायचा. पूर्वी आपण सगळे गोड खात स्वतःच्याच बापाची अंत्ययात्रा बघत खिदळायचो, आणि अप्पा म्हणायचे, "बघा, कसं खातंपितं प्रेत आहे!" तू गेल्यावर ते दृश्य आलं की अप्पा सगळ्यांना गप्प करायचे. आम्हाला वाटायचं, स्वतःचंच कौतुक. एकदा मात्र हळूच म्हणाले, "चाल बघ त्याची. डावा पाय आत टाकतो, लहानपणापासून." नाव नाही घेतलं. ती पाठ पडद्यावरून गेली की, "झालं, बंद कर." मी म्हटलं, "अप्पा, पुढची मारामारी? कोयत्याची?" तर म्हणाले, "ती काय बघायची." वर्षानुवर्षं त्यांनी तो सिनेमा तिथपर्यंतच बघितला. मिशांचं तूपही कधीतरी बंद झालं होतं.

यंदा सुतकाचं वर्ष, म्हणून पोंगल केला नाही, टीव्हीही लावला नाही. पण शेजारी लागला होता. हलगी ऐकू आली तशी अम्मा उठली आणि शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. तिरडीवर अप्पा आले, तिने कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. मग तू आलास, पाठमोरा, धुरात. अम्मा सरळ आत गेली, पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "वैरमणी, बास झालं रे. सिनेमावाल्यांचं काम झालं. वळ आता." आणि खालीच बसली आणि रडली, अण्णा. वर्षभराचं रडली. शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला तरी ती थांबेना. मी तिला धरून बसले होते. माझे डोळे तेव्हाही कोरडेच.

तिनेच हे पत्र लिहायला लावलंय. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, अमावास्येला अप्पांचं वर्षश्राद्ध आहे. ओच्चप्पनला तिने बजावलंय, "या खेपेला तू पुढे बसायचं नाहीस, पाट रिकामा राहिला तरी चालेल." तो बिचारा हसून हो म्हणाला. तेव्हा ये. येताना दारात थांबून कोहळा फोडून घ्यावा लागेल, तुझ्या वाटणीचा राहिलाय असं अम्मा म्हणते. परसातल्या वेलीवरचा एक तिने राखूनही ठेवलाय. वळू नकोस म्हणून ओरडणारा कर्णेवाला कधीच निघून गेला, आणि येऊ नकोस म्हणणाराही गेला. आता वळून बघितलंस तर कुणी ओरडणार नाही.

तुझीच धाकटी,
सोर्णम