सहा इंची भिंग

१० फेब्रु. ९६, शनि. वडूज
दुपारच्या एस्टीनं आले. दादाची दुर्बीण अंगणात उभी. सहा इंची, तीन काचांचं, रंग फाकू न देणारं अ‍ॅपोक्रोमॅट भिंग. परदेशी, तरी आपल्याला झेपेल असं. पलटणीत असल्यापासून त्याला अशी हवी होती. वहिनी म्हणाल्या, दुर्बीण आल्यापासून रोज बघतात आणि लगेच झाकून ठेवतात.
कारण जेवताना कळलं. त्याला सगळं विस्कटलेलं दिसतं. साखरेच्या आजारानं उजवा डोळा गेलाच आहे. आता डावाही चालला आहे की भिंगच वाईट आहे, हे त्याला ठरवता येत नाही.
"तू कालिजात प्रकाशच शिकवतीस. बघून सांग. पण खरं सांग, सुमे."
कुठलं उत्तर बरं, तेच कळेना.

११ फेब्रु., रवि.
काल रात्री व्याधावर लावली. एवढा भगभगीत तारा, पण भोवती जांभळी कड नाही. रंगाच्या बाबतीत भिंग चोख. दादाला सांगितलं तर चेहरा पडला. म्हणजे डोळाच, असं त्यानं धरलं. मी घाईनं म्हणाले, रंग सांडत नाही म्हणजे रेखीव असतंच असं नाही, थांब जरा.
थांबायलाच हवं होतं. जाड काचा, दिवसभर तापलेल्या. त्यांतून तारा नुसता उकळल्यासारखा हलत होता. आज ढग. परतीची गाडी गाठायची... निकाल नाही.

१७ फेब्रु., शनि. वडूज
हवा शांत. भिंग गार होऊ दिलं. तारा मुद्दाम फोकसच्या थोडा बाहेर नेला. कडी गोल दिसायला हवीत, दिसली अंड्यासारखी लांबट. फोकसच्या दुसऱ्या बाजूला आडव्याची उभी. डोळ्याजवळची काच फिरवली, मान वाकडी करून पाहिलं, लांबट ती लांबटच, त्याच दिशेला; म्हणजे दोष त्या काचेचा नाही, माझ्या डोळ्याचाही नाही. मग पुढचं भिंग त्याच्या कड्यासकट पाव फेरा फिरवलं. तशी लांबट कडीही फिरली. दोष भिंगात.
तसं सांगितलं. दादा हसला. किती दिवसांनी.
"म्हंजी डोळा हाय की अजून."
वहिनींना हाक मारून चहा टाकायला लावला. भिंग वाईट निघालं म्हणून डोळा चांगला ठरत नाही. हे फक्त इथं लिहिते.

५ मार्च, मंगळ. सांगली
दादाला मिरजेला नेलं. डॉ. म्हणाले, डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरतंय. लेझरनं थोपवून बघू. गेलेलं परत येणार नाही. पावसाळ्यापर्यंत किती उरेल, सांगता येत नाही. दादानं सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाला.
संध्याकाळी दुर्बीण विकणाऱ्या मुंबईच्या एजंटला फोन. भिंग बदलून देतील, पण कारखान्यात जाऊन यायला किती महिने, ते तो सांगेना. त्याचं म्हणणं, स्वस्तातल्या मोठ्या भिंगांत एखादं असं निघतंच.

२४ मार्च, रवि. वडूज
पाठवायचं की ठेवायचं. वहिनी मला परसात घेऊन गेल्या. "वन्सं, असू द्या वाकडं. दिसतंय तवर बघू द्या त्यास्नी." मलाही तेच वाटत होतं. पेपरात रोज धूमकेतू. कमी ताकदीवर, फार मोठा करून न बघता, या भिंगातूनही बरा दिसला असता. दादाला हे सगळं सांगून पाहिलं.
"वाकडं बघाया न्हाई घेतली."
संपलं. त्यानं स्वतःच भिंग काढायला घेतलं. पेचकस स्क्रूवरून सारखा घसरत होता. मी पुढं झाले नाही. शेवटी निघालं. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात घातलं. उद्या मुंबईला जाईल.

१३ एप्रिल, शनि. वडूज
एजंट फोनवर येत नाही. नळी पडवीत आडवी, तोंडाला फडकं बांधलेलं. लेझर दोनदा झालं. दादा म्हणतो फरक आहे. वहिनी म्हणतात, ताटातली चटणी कुठं वाढली ते सांगावं लागतं.
दिवेलागणीला दादा आणि मी, दोघंच अंगणात. धूमकेतू नुसत्या डोळ्यांनीही दिसेल म्हणाला. शुक्र धरायचा आणि त्याच्या उजव्या अंगाला बघायचं, मीच सांगितलं होतं फोनवर. मान वर करून बसला होता.
"शुक्र दिसाया लागला का गं?"
समोर कडुलिंबाच्या शेंड्यावर लखलखत होता. आभाळात ढग नाही.
"अजून न्हाई," मी म्हणाले.
"येऊ दे. आला की सांग."