काकूंचे दात आणि पाच मॅच

आण्णा, तुमची जोडी का लागत नव्हती ते मला आता कळलंय. इतकी वर्षं वाटायचं, तुमचं नशीब फुटकं. नशिबाचा काही संबंध नव्हता. मटक्याचा एकच आकडा लावायला तुम्हाला कमीपणा वाटायचा. "एका आकड्यात काय विडी येते? लावायची तर जोडी," म्हणायचात. संध्याकाळी पहिला आकडा फुटायचा, तो कधीमधी तुमचा निघायचा, आणि दुसरा फुटेपर्यंत घरात तुम्ही राजे. आईला सांगायचात, उद्या मटण. मला एकदा म्हणालात, तुला नवं दप्तर. सकाळी मी दप्तराचं विचारलं तर पाठीत धपाटा. पुढच्या वर्षी दप्तर लागलंच नाही, चौथीतून मी घरी बसले. आण्णा, एक आकडा लागतो दहात एकदा. दोन्ही लागायचे शंभरात एकदा, आणि द्यायचे नव्वद पट. मधले दहा त्यांच्या खिशात. तुम्ही दिवसभर मागावर उभे. एक धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको होतं. मग जोडीतला एक आकडा चुकला की सगळं गेलं, हे कसं दिसलं नाही? रागाने विचारत नाही. बरं, थोडं रागानेच.

इथे अमेरिकेत जोडी फोनवर मिळते. चोरून नाही, राजरोस. फुटबॉलच्या मॅच एकाला एक जोडायच्या, सगळ्या बरोबर आल्या तरच पैसे, एक चुकली की शून्य. त्याला कॉम्बो म्हणतात. मी नेपरव्हिलला घरी बायकांचे ब्लाउज शिवते, आणि महिन्यातून एकदा आमची भिशी असते. गेल्या वेळी चिठ्ठीत काकूंचा नंबर निघाला. काकू सत्तरीच्या, एकट्या, तोंडात वरचे चारपाच दात, खाली एकही नाही, आणि इथल्या डेंटिस्टचं बिल ऐकूनच माणूस तोंड मिटतो. त्या वर्षभर या नंबराची वाट बघत होत्या. तर आमच्यातली सगळ्यात लहान, समोरच्या घरातली पोरगी, म्हणते, "काकू, आख्खी भिशी कॉम्बोवर लावू या. पाच मॅच, पाचही टीम स्ट्राँग. ईच वन सेव्हंटी पर्सेंट शुअर. लागलं तर चार पट." तिचा मागे एकदा तीन मॅचचा कॉम्बो लागला होता, तेव्हापासून तिला शिंगं फुटलीत. आणि काकू चक्क हो म्हणाल्या. "चार पट झाले तर वरची, खालची, दोन्ही कवळ्या होतील गं."

"आणि नाही लागलं तर?" मी विचारलं.

"तर पेज आहेच की. तीच खातेय."

"निगेटिव्ह नका ना बोलू मावशी," ती पोरगी म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. काकूंच्या चेहऱ्यावर तुमचा चेहरा होता आण्णा, पहिला आकडा फुटल्यावरचा.

मला आकडेमोड येत नाही, पण माझ्याकडे बटणं आहेत. डबा आणला, एका वाटीत सात पांढरी टाकली, तीन काळी. म्हटलं, "हे तुझे सेव्हंटी पर्सेंट. डोळे मिट, एक काढ, परत टाक. असं पाचदा. पाचही वेळा पांढरं आलं पाहिजे. काळं आलं की काकूंचे दात गेले." तिने काढलं. पांढरं, पांढरं, काळं. "अगेन," म्हणाली. पांढरं, काळं. मग दुसरीने हात घातला, मग तिसरीने. चहा तसाच गार. एकदा पाचही पांढरी आली तेव्हा ती नाचली, मी नाचू दिलं. नंतर पुन्हा बराच वेळ काळं. शेवटी तीच म्हणाली, "सहा वेळा खेळलं तर एकदा लागतंय, मावशी."

"आणि देतात किती?"

"चार पट."

"मग सहातले दोन कुठे गेले?"

ती हळूच म्हणाली, "प्रत्येक मॅचमागे थोडे कापतात. एकट्या मॅचला ते दिसत नाही. पाच जोडल्या की कापलेलंही जोडलं जातं." शहाणी आहे पोरगी, फक्त घाई फार. काकूंनी पाकीट उचललं, पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "मला खालची कवळी पुरे." आण्णा, मी जिंकले. कुणीतरी जोडी लावायला निघालं होतं आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याला परत घरात आणलं. काकू आता भाकरी खातात. कडक कड सुद्धा. मला दाखवायला मुद्दाम माझ्यासमोर खातात.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं, आलेलं पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचात, आणि पुढचं मास्तरांनी वाचण्यासारखं नाही. त्या पोरीने तोच कॉम्बो स्वतःच्या थोड्या पैशांवर लावला, नुसती गंमत म्हणून, आणि रविवारी आम्हाला बघायला बोलावलं. चार मॅच बरोबर आल्या. पाचवीत शेवटची किक, ती बसली की लागलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. लागलं असतं तरी मी बरोबरच होते, एकदा पांढरं आलं म्हणून वाटीतली काळी बटणं कमी होत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी उठून बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि देवाला हात जोडून म्हटलं, चुकव रे बाबा ती किक. ती चुकली.