कॅमेऱ्याला फेस लागतो

५ ऑग., मंगळ.

काल आमच्या कानबाई देवीचं विसर्जन. गाणी म्हणून म्हणून घसा बसलाय, आणि नेमकं आजच शेठला माझा आवाज आठवला. दुकानात पाय ठेवते न ठेवते तोच बोलावणं. "मंगल, आपण मोबाइलवर लाइव्ह सेल चालू करतोय. बायका घरबसल्या साडी बघणार, तिथूनच ऑर्डर देणार. बोलायचं तू."

खरंच वाटेना. इतकी वर्षं साड्यांच्या या मार्केटात आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या घालतेय. एखादी गिऱ्हाईक बाई आत डोकावली तर तिला समजावून सांगते, तेवढंच काय ते. ते याच्या कानावर गेलं असणार.

मग पुढचं वाक्य. "तू फोनच्या मागे उभी राहून बोल. समोर उभी राहायला एक मुलगी येतेय. काय आहे बेटा, कॅमेऱ्याला फेस लागतो."

बेटा म्हणतो. वाईट माणूस नाही, म्हणून तर तोंड उघडता येत नाही.

तेव्हाच गादीवर धनसुखकाका व्यापाऱ्यांना माल दाखवत होते. काका म्हणजे आमचे जुने सेल्समन. टक्कल, सुटलेलं पोट, पानानं लाल दात. उठले, साडी शर्टावरूनच कमरेला खोचली, भराभर निऱ्या, पदर खांद्यावर, एक गिरकी, आणि वर गुजरातीत, बघा बघा कशी दिसते. "जुओ जुओ, केवी लागे छे!" व्यापाऱ्यांच्या माना डोलल्या. माल गेला. काकांचा फेस कसा आहे हे आजवर कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

७ ऑग., गुरु.

मुलगी आली. कोमल. भेस्तानला राहते, गाव जालन्याकडचं. दिसायला... मीच बघत राहिले. उंच, गव्हाळ, डोळे असे की समोरचा बोलायचं विसरेल. आणि मी काळी, दात पुढे. रडत नाहीये. जे आहे ते लिहिलं.

पहिलं लाइव्ह. फोन स्टँडवर, त्याची स्क्रीन कोमलकडे, पाठ माझ्याकडे. मी खोक्यांना टेकून बोलायचं आणि तिनं ओठ हलवायचे, म्हणजे तीच बोलतेय असं वाटेल. मी "बहनों, ये देखिए" म्हणून थांबले तरी तिचे ओठ चालूच! दोघींची हसून हसून मुरकुंडी वळायची बाकी होती. शेवटी तिनं पदरच तोंडापुढे धरला.

लाइव्ह संपल्यावर आलेल्या कॉमेंट तिनं वाचून दाखवल्या. "दीदी कितनी सुंदर, और आवाज़ भी कितनी मीठी." शेठ खूश.

मला हसू आलं नाही. रिक्षानं डिंडोलीला घरी आले. मायनं दारातच विचारलं, "काय व्हयनं वं? तोंड कसाले पाडेल शे?" काही नाही म्हटलं.

११ ऑग., सोम.

आज माझी चूक झाली. शिफॉनला जॉर्जेट म्हणून मोकळी झाले, तेही ठासून. नंतर लक्षात आलं. बायकांचे फोनवर फोन.

शेठ भडकला. कोणावर? कोमलवर! "देवानं रूप दिलं, डोकं द्यायचं राहिलं."

मी म्हटलं, शेठ, बोलले मी. तिचे नुसते ओठ होते.

तर हसला. "तू तिला पाठीशी घालू नको मंगल. तू असली चूक करणारी नाहीस." काकाही हसले. अरे, आवाज कोणाचा होता? सगळं दुकान तिथेच उभं होतं की! पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी कोमलच खाली मान घालून म्हणाली, सॉरी शेठ.

कशाबद्दल सॉरी, बये? संताप संताप झाला. तिचाही आणि या लोकांचाही.

१९ ऑग., मंगळ.

टेम्पोतून परतीची पार्सलं आली. पोती भरून. बहुतेकांची तक्रार एकच, रंग दाखवला तसा नाही. वाइन रंगाच्या साडीची तर बोलायची सोय नाही, गेलेली जवळजवळ सगळी परत.

सगळ्या घड्या पुन्हा मीच घालणार, दुसरं कोण. कोमल मदतीला बसली. सांगायची गरज नव्हती तरी बसली. मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते की ही पोरगी नखाला धक्का लागू देणार नाही. घडी छान घालते. मीही त्यांच्यातलीच म्हणायची.

चहा पिताना म्हणाली, "दीदी, गोडाऊनची चावी शेठ तुला देतात ना?"

हो म्हटलं.

"मला कधीच नाही देणार. माझ्याकडे चावी दिली तर लोक म्हणतील, हिला का दिली. आधीच्या मोबाइलच्या दुकानात सेल वाढला तर म्हणायचे, तोंड बघून येतात. कमी झाला तर म्हणायचे, हिचं लक्ष भलतीकडे."

चावीचा मला अभिमान होता. विश्वासू आहे म्हणून दिली असं वाटायचं. आता डोक्यात किडा शिरलाय. विश्वासू आहे म्हणून, की माझ्याबद्दल कोणाच्या मनात काही येणारच नाही म्हणून?

२२ ऑग., शुक्र.

शेठाणी दुकानात आल्या. साड्या बघायला. बघितलं कोमलला, वरपासून खालपर्यंत.

दुपारी शेठनं कोमलला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. कारण? परत येणारा माल. म्हणे, "हिच्या अंगावर कुठलाही रंग खुलतो. घरी बाई नेसते, आरशात बघते, तिला वाटतं मी फसले." क्षणभर मलाही पटलं, खोटं कशाला लिहू. मग वाटलं, म्हणजे चांगली दिसते म्हणून ठेवली, आणि चांगली दिसते म्हणूनच काढली?

कोमल रडली नाही. पर्स उचलली आणि गेली.

शेठ म्हणाला, दुसरी शोधतो, जरा साधी. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येते समोर."

काकांनी पान चघळायचं थांबवलं.

शेठ चिडला असता तर बरं झालं असतं. मायेनं बोलला. "तू घरची आहेस बेटा. लोक काहीबाही लिहितील. मला नाही बघवणार." मला बघवेल की नाही हे मीच ठरवीन ना! हे तिथे बोलले नाही. इथे लिहून काय उपयोग.

२५ ऑग., सोम.

आज बोलले. "शेठ, फोनच्या मागून आता मी बोलणार नाही. समोरून बोलेन, नाहीतर माझी घड्यांची खोली मला बास आहे." आवाज जराही लटपटला नाही.

शेठ म्हणाला, हट्ट करू नको. मी म्हटलं, हट्टच आहे.

संध्याकाळी मायला सांगितलं. ती घाबरली. "लोके हासतीन वं माय." शाळेत दातांवरून हसायचे, बघायला आलेले चहा पिऊन हसायचे. आणखी किती हसतील?

२६ ऑग., मंगळ.

आजची गंमत लिहायलाच हवी.

मी बोलत नाही, दुसरी मुलगी मिळाली नाही, म्हणून शेठनं धनसुखकाकांनाच लाइव्हला उभं केलं. काकांनी वाइन साडी नेसली आणि जी काय गिरकी मारली! कॉमेंटचा पाऊस. वाह काका, कमाल काका, एक नंबर. पोटाबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. टकलाबद्दल नाही. मी दारात उभी राहून बघत होते. हसूही येत होतं, जीवही जळत होता.

मग पुढे झाले आणि पहिल्यांदाच फोनच्या स्क्रीनकडे नजर गेली. अगं बाई! काका गोरेपान. गाल गुलाबी. पानानं रंगलेले दात मोत्यांसारखे! असे काका मी कोणाच्या लग्नातही बघितले नाहीत. हसता हसता काकांच्या अंगावरच्या साडीकडे बघितलं, परत स्क्रीनकडे बघितलं, आणि हसू जिथल्या तिथे विरलं. अंगावरची वाइन. स्क्रीनवरची चक्क गुलाबी.

शेठनं फोनमध्ये चेहरा गोरा करणारा फिल्टर लावून ठेवलाय. पहिल्या दिवसापासून. चेहऱ्याबरोबर साडीही उजळते! त्यामुळे माल परत येतोय. कोमलचा काय संबंध?

लाइव्ह संपल्यावर साडी आणि फोन शेजारी धरून शेठला दाखवलं. त्यानं दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाला, "थोडं गोरं केलं तर काय बिघडलं, सगळेच करतात." बिघडलेलं समोर पोत्यांत पडलंय, शेठ.

२७ ऑग., बुध.

गणपती. दुकान अर्धा दिवस. भेस्तानला कोमलच्या घरी गेले. तिला फिल्टरचं सांगितलं. म्हणाली, "माहीत होतं. स्क्रीन माझ्याकडेच असायची ना."

मग बोलली का नाहीस?

"शेठ म्हणाले, हे सेटिंग बदलायचं नाही. मला वाटलं, मी कॅमेऱ्याला कमी पडते म्हणून लावलंय."

ही. ही कमी पडते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आमच्या अख्ख्या मार्केटात अशी मुलगी नसेल, आणि तिलाही धुऊन गोरी केल्याशिवाय दाखवली नाही. मग पुरी पडते तरी कोण?

तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर परत. नको म्हणाली. तिच्या आईनं मोदक दिले. निघताना कोमल रिक्षापर्यंत आली आणि म्हणाली, "तू खरंच समोर उभी राहणार असशील तर येते."

१ सप्टें., सोम.

शेठसमोर दोघी. मी म्हटलं, फिल्टर काढा, माल परत येणार नाही.

त्यानं विचार केला. आणि काय म्हणाला? "बरोबर आहे तुझं. फिल्टर नको. मग खरीच गोरी मुलगी आणू."

कपाळावर हात मारला मी. खरंच मारला. काका फिसकन हसले. कोमलही. शेठला कळेना काय झालं.

मग सरळ सांगितलं. "एकच साडी दोघी नेसतो. एक तिच्या रंगावर, एक माझ्या रंगावर. ती तिच्या तोंडानं बोलेल, मी माझ्या. बाईला घरबसल्या कळेल आपल्यावर कशी दिसेल. तुमच्या गिऱ्हाईक बायका काय सगळ्या गोऱ्या आहेत?"

"लोक घाण लिहितील, मंगल."

"काका नेसतात तेव्हा लोक साडी बघतात. मला बघतील तेव्हा आधी दात बघतील, माहीत आहे. मग बघतील साडी. तेवढा वेळ मी उभी राहीन."

शेठनं पोत्यांकडे बघितलं. उठताना म्हणाला, शुक्रवारी एकदा करून बघू. एकदाच. तो माल परत आला तर पुन्हा विषय नाही.

४ सप्टें., गुरु.

मायला आरशासमोर निऱ्या घालून दाखवल्या. म्हणाली, "हासतीन ते हासतीन. पदर नीट घे." झोप लागेल असं वाटत नाही, पण माघार नाही.

५ सप्टें., शुक्र.

झालं. आजचं आजच लिहून टाकते.

वाइन साडी. निऱ्यांना पिना काकांनी लावून दिल्या. "मान उंच राख, बेन," एवढंच म्हणाले. शेठनं माझ्यासमोर फिल्टर बंद केला. दोन वेळा तपासला मी.

स्क्रीनवर मी. काळी, दात पुढे, तोंडावर रिंगलाइटचा उजेड. बरी दिसत होते असं नाही लिहिणार. मी दिसत होते.

पहिली कॉमेंट, "ये कौन है?" मग, "वो सुंदर वाली अकेली आए." मग एक अशी की कोमल वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच. ती नको म्हणाली. वाच गं. तिनं वाचली. इथे उतरवत नाही. ऐकली, गिळली, आणि साडीचा काठ कॅमेऱ्याजवळ नेऊन बोलत राहिले. लागलं. खूप लागलं. बोलायचं थांबले नाही.

मग एकीनं विचारलं, काळ्या रंगावर आणखी कुठली चांगली दिसेल? मी दाखवली. दुसरीनं विचारलं. मग चार-दोन ऑर्डरी, मग आणखी काही. पाऊस नाही, काकांसारखा.

आणि मग, "आवाज़ तो वही है. तो पहले कौन बोल रही थी?"

कोमलनं माझ्याकडे बघितलं. फोनच्या मागे शेठ दोन्ही हात हलवत होता, नको, नको. इतके दिवस ज्या जागी मी उभी असायची, बरोबर त्याच जागी.

"मीच," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून मीच. शिफॉनला जॉर्जेट म्हणणारीही मीच." कोमल खुदकन हसली.

शेठनं हात खाली घेतले. पार्सलं उद्या जातील. परत येतील की नाही, कोणाला ठाऊक. मी लाइव्हला पुन्हा उभी राहणार की नाही, तेही त्या पार्सलांवरच. दुकान बंद करायच्या वेळी गोडाऊनची चावी शेठच्या देखत कोमलच्या हातात ठेवली. "आज कुलूप तू लाव." शेठनं बघितलं. चावी परत मागितली नाही, फक्त म्हणाला, "माल परत येतो की नाही ते कळू दे, मग बघू."

अंगावरची साडी उतरवली. सवयीनं घडी घालायला बसले, आणि थांबले. तशीच खोलीत खुंटीवर टांगून आलेय. लाइव्हला लागेल.