सुभद्राबाईंच्या ओटीस नाक्यावर वाट मिळणेबाबत

प्रति,
मेहेरबान डेप्युटी कमिशनर साहेब,
जिल्हा बुलढाणा, मु. बुलढाणा.

अर्जदार : निवृत्ती पुंजाजी वायाळ, बी. ए., चिटणीस, मातृसेवा मंडळ, देऊळगाव राजा.

विषय : मंडळाच्या दाई सुभद्राबाई यांस सरहद्दीपलीकडील मौजे तळेगव्हाण येथे मिळणारी ओटी ही ओटीच आहे, व्यापारी माल नव्हे, असा दाखला माघी पौर्णिमेपूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : तळेगव्हाण नाक्याचे नाकेदार यांची तीन पत्रे, पैकी शेवटचे दि. २५ जानेवारी १९३५ चे.

महोदय,

१. देऊळगाव राजाचे मातृसेवा मंडळ गेली अडीच वर्षे दर गुरुवारी सरहद्दीचा ओढा ओलांडून तळेगव्हाण येथे, म्हणजे संस्थानी मुलखात व कायद्याच्या दृष्टीने परदेशात, बाळंतिणींची विनामूल्य सेवा करीत आहे. हा परदेश बैलगाडीने दीड तासावर आहे. तेथे भाषा आपलीच, जोंधळाही आपलाच. आणि ओढ्याच्या मध्यावर पोचलेल्या पाण्याला आपण आता कोणत्या सरकारचे, असे विचारले तर तेही गप्पच राहील. तरी परदेश तो परदेश. तेथे औषधे, कात्री व साबण न्यावयाचा तर जकात नाक्याचा माफी परवाना लागतो, आणि तो परवाना सुभद्राबाईंच्या नावे आहे.

२. परक्या मुलखात परोपकार करण्यातील नित्याच्या अडचणींबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. मंडळाने वाटलेला कार्बोलिक साबण पहिले तीन महिने घरोघरी देव्हाऱ्यात पुजला गेला. तान्ह्या मुलांचे वजन करण्याचा काटा नेला, तेव्हा मूल तोलल्यास दृष्ट लागते असा आक्षेप आला. शेवटी आधी भोपळा तोलावा, म्हणजे पाहणाऱ्यास वाटेल की आज भोपळेच तोलावयाचे आहेत, आणि मग घाईने मूल तोलून घ्यावे, अशी तडजोड निघाली. त्यामुळे मंडळाच्या पहिल्या वर्षाच्या नोंदवहीत मुलांपेक्षा भोपळ्यांची वाढ अधिक समाधानकारक दिसते. पण गाडी ओढा चढून वर आली की बांधावर उभ्या असलेल्या बाया आपापली लेकरे हातांवर उंच धरून ओरडतात, "हे बघ गं, तुझंच हाय!" त्या क्षणी, कवितेशिवाय दुसऱ्या कशानेही न हलणाऱ्या या अर्जदारास साबणाच्या वड्यांच्या यादीतही एक छंद ऐकू येऊ लागतो.

३. दाई सुभद्राबाई या देऊळगाव राजाच्या राहणाऱ्या, वय सुमारे बेचाळीस, नागपुरास दाईचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. त्यांस वैधव्य येऊन अठरा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी तळेगव्हाण येथील सोजराबाई हिच्या पहिल्या बाळंतपणात मूल पायाकडून आले. सूर्य डोक्यावर येईपर्यंत त्या घरातील कोणी पाणीदेखील प्यायले नाही. सुभद्राबाईंनी मूल व आई दोन्ही राखली. त्या निघाल्या तेव्हा सोजराबाईची सासू कौशल्याबाई सुपात खण, नारळ व पसाभर गहू घेऊन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. सुभद्राबाई मागे सरल्या. "मले चालत नाही हो, माय," असे त्या म्हणाल्या. त्यावर कौशल्याबाईने दिलेले उत्तर अर्जदाराने गाडीजवळून स्वतः ऐकले आहे : "तुला चालत नसंल. माझ्या नातवाला चालतंय. धर पदर."

सुभद्राबाईंनी पदर धरला. परतीचा दीड तास त्या ओटी दोन्ही हातांनी अशी धरून बसल्या की जणू गाडीत पाणी भरलेले ताट आहे.

४. तेव्हापासून तळेगव्हाणात हा रिवाजच पडला. ज्या घरी मूल झाले त्या घरची, आणि ज्या घरी व्हावयाचे त्याही घरची बाई सुभद्राबाईंना ओटीवाचून ओढा उतरू देत नाही. कोठे नकार दिला तर त्या घरी पुढल्या वेळी दाईला बोलावणेच येणार नाही, इतका हा मामला नाजूक आहे. जमलेल्या खणांची सुभद्राबाई टोपडी व कुंच्या शिवतात आणि पुढल्या गुरुवारी त्याच गावच्या तान्ह्या डोक्यांवर चढवितात.

५. येथपर्यंत सर्व सुखाचे होते. गेल्या मार्गशीर्षात नाक्यावर महादेवराव नामक नवे नाकेदार आले. गृहस्थ अत्यंत सचोटीचे आहेत. ते लाच घेत नाहीत, पानही घेत नाहीत, आणि अर्जदाराच्या अनुभवाप्रमाणे विनोदही घेत नाहीत. त्यांनी लागोपाठ चार गुरुवार सुभद्राबाईंची पिशवी पाहिली आणि दि. ४ जानेवारीस पहिले पत्र धाडले. आशय असा : एकदा मिळाली तर ती ओटी समजता येईल, परंतु दर गुरुवारी खण अकरा, नारळ अकरा, गहू सुमारे दोन पायल्या, हा व्यापार होय, शिवाय कच्चा माल बाहेर जातो व पक्का माल टोपड्यांच्या रूपाने आत येतो, यावरून ओढ्यापलीकडे कारखाना असल्याचा संशय येतो. अर्जदाराने उत्तरी कळविले की, कारखाना म्हणजे सुभद्राबाई, एक सुई आणि खिडकीतला उजेड. कारखान्याची पाहणी केव्हाही करावी.

६. याउपर नाकेदारांनी परवाना बारकाईने वाचला. येथे अर्जदाराने आपली चूक कबूल करणे प्राप्त आहे. ‘धारकाचे नाव’ या रकान्यात त्याने, विधवा स्त्रीचे नाव लिहिताना कोणीही सभ्य मनुष्य लिहितो तसे, ‘गं. भा. सुभद्राबाई’ असे लिहिले होते. हेतू केवळ आदराचा. परंतु दुसऱ्या पत्रात नाकेदारांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवले : ओटी सुवासिनीची भरतात, परवानाधारक, तिच्याच चिटणीसाच्या हस्ताक्षराप्रमाणे, सुवासिनी नाही, ज्याअर्थी ती ओटीस पात्र नाही त्याअर्थी पिशवीतील वस्तू ओटी असू शकत नाहीत, आणि ज्याअर्थी त्या ओटी नाहीत त्याअर्थी त्या माल आहेत. अर्जदाराने तर्कशास्त्र हा विषय घेऊन पदवी मिळविली आहे, तरी या युक्तिवादात त्यास फट सापडली नाही. गावातील एका वृद्ध शास्त्रीबोवांस विचारता, ओटीविषयी शास्त्र आहे, नाक्याविषयी नाही, असे सांगून ते स्नानास गेले.

७. ही वार्ता तळेगव्हाणात पोचली. दि. २४ जानेवारीस अकरा बाया आपापली सुपे घेऊन नाक्यावर आल्या आणि ओढा उतरून अलीकडच्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडच्या काठावर सुभद्राबाईंची ओटी भरण्यास रांगेने बसल्या. प्रत्येकीजवळ एकच खण असल्याने त्यांस अडविणे नाकेदारांस शक्य झाले नाही. त्यांनी कौशल्याबाईस एवढेच विचारले की, ही बाई विधवा आहे हे तुम्हांस ठाऊक नाही काय. तिचा जबाब, नाक्यावरील दोन शिपायांकडून ऐकलेला, जसाच्या तसा नमूद केल्याबद्दल अर्जदार क्षमा मागतो : "नाकेदारसाहेब, आम्ही काय तिचं कपाळ बघून बाळंत होतो व्हय? ती कुठं बघते, ते सांगू का हितं, चारचौघांत?" नाकेदारांनी "नको" म्हटल्याचे दोन्ही शिपाई एकमुखाने सांगतात.

दुसऱ्याच दिवशी तिसरे पत्र आले. बाई ज्या जिल्ह्याची, त्या जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा खुलासा येईपर्यंत माफी परवाना तहकूब.

८. परवाना तहकूब म्हणजे पिशवी तहकूब. आणि उकळलेली कात्री व औषधे यांवाचून सुभद्राबाई कोणत्याही बाळंतिणीस हात लावीत नाहीत. इकडे सोजराबाईचे दुसरे बाळंतपण माघी पौर्णिमेच्या आगेमागे आहे. काल गुरुवारी ती सासूसह गाडीतून ओढ्याच्या अलीकडे आली. सुभद्राबाईंनी बाभळीखाली चादर धरवून तिला तपासले. याही वेळी मुलाचे डोके वर आहे. आत्ताच फिरले नाही तर तेही थोरल्यासारखे पायाकडून येईल. जालन्याचा डॉक्टर गाडीने एका दिवसाच्या वाटेवर आहे, आणि तेथवर ती टिकेल असे सुभद्राबाई म्हणत नाहीत.

सोजराबाईचे म्हणणे असे : "दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही मी. गाडीत बसून वढ्याच्या अल्याड येते, हितंच बाळंत होते. मग बघू नाकेदार काय करतो." अर्जदाराने हा मार्ग नाकेदारांस तोंडी सुचविला. ते म्हणाले की, जाण्यास हरकत नाही, परंतु परत येताना नग एक वाढलेला असेल, त्याची नोंद कोणत्या सदरात करावी याविषयी वरून आज्ञा मागवावी लागेल.

९. या सर्वांतून एक सोपी वाट आहे, आणि ती नाकेदारांनीच, मनाचा मोठेपणा दाखवून, सुचविली. ‘गं. भा.’ ही अक्षरे खोडावी, नुसते ‘दाई सुभद्राबाई’ असे लिहून द्यावे, म्हणजे कागदापुरती शंका मिटते. अर्जदारास ती वाट पसंत पडली. त्याने शुद्ध प्रत तयार केली आणि सहीसाठी सुभद्राबाईंच्या घरी नेली. त्या टोपडे शिवत होत्या. कागद ऐकून घेतल्यावर त्या जे बोलल्या त्यामुळेच हा अर्ज आपल्या टेबलावर आला आहे :

"लिहेलं हाय ते खोटं हाय का, निवृत्तीभाऊ? मंग खोडता काऊन? धनी गेले, हे खरं. अन् त्या बायांनी माह्या पदरात घातलं, हे बी खरं. एका खऱ्यासाठी दुसरं खरं काऊन खोडू मी? तुम्ही एवढे बी. ए. झाले न, दोन्ही एका कागदावर बसवा."

अर्जदाराने बसवून पाहिले. त्याने आजवर पुष्कळ कविता फाडून टाकल्या आहेत, पण हे एक वाक्य त्याच्याकडून लिहून झाले नाही. कारण त्याखाली सही त्याची चालणार नाही, ती आपलीच हवी.

१०. सबब विनंती की, ‘देऊळगाव राजाच्या दाई गं. भा. सुभद्राबाई यांस तळेगव्हाणच्या बायांनी दिलेली व देतील ती ओटी होय’ एवढा एका ओळीचा दाखला, शिक्क्यासह, पौर्णिमेच्या निदान आठ दिवस आधी मिळावा. दोन्ही शब्द त्याच ओळीत राहावेत. कोणताही गाळू नये. दाखला नेण्यास अर्जदार स्वतः बुलढाण्यास येईल आणि आज्ञा होईपर्यंत कचेरीच्या ओट्यावर बसून राहील. त्यास बसून राहण्याची सवय आहे.

पौर्णिमेच्या आणि आपल्या शिक्क्याच्या वाटेकडे सारख्याच अधीरतेने पाहणारा,
आपला नम्र,
निवृत्ती पुंजाजी वायाळ

देऊळगाव राजा,
शुक्रवार, दि. १ फेब्रुवारी १९३५

सोबत :

(अ) माफी परवान्याची नक्कल, चुकीसह.

(आ) नाकेदारांची पत्रे तीन.

(इ) तळेगव्हाणच्या अकरा बायांचे निवेदन, अंगठ्यांसह. शाईबरोबर काही ठिकाणी हळदही लागली आहे, त्याबद्दल दिलगीर.

(ई) खण एक, हिरवा, काल सोजराबाईने ओढ्याच्या अलीकडच्या काठावर सुभद्राबाईंच्या ओटीत घातलेला. नमुना म्हणून पाहून झाल्यावर तो कृपया परत व्हावा. याचे टोपडे व्हावयाचे नाही. सुभद्राबाई तो स्वतःच्या चोळीला घेणार आहेत.